बार्टलेटचा प्रयोग: सूचना आणि अंतर पाहा

'आठवण म्हणजे निव्वळ रचलेली गोष्ट, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्टलेटनं १९३२ मध्येच सिद्ध केलं' असं म्हणणं ताणलेलं वाटतं. केंब्रिजमध्ये त्याच्या प्रयोगातले वाचक अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची 'भुतांचं युद्ध' ही लोककथा दोनदा वाचत, १५ मिनिटांनी लिहून काढत, पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा. त्यांच्या लिखाणात कथेतली सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. भुतांचा धागा अनेकांच्या हातून सुटला. पण 'नेमकं तेवढंच लिहा' अशी ताकीद नव्हती, वाचन आणि आठवण यांतली वेळेची अंतरंही प्रत्येकाची वेगळी. १९६७ मध्ये गॉल्ड आणि स्टीफनसन यांनी कडक सूचना दिल्या, तेव्हा चुका घटल्या. तरी स्कीमाची, म्हणजे मनातल्या आधीच्या साच्यात बसवून आपण आठवतो ही बार्टलेटची कल्पना टिकतेच: १९९९ मध्ये बर्गमन-रोडिगर यांनी १५ मिनिटं, आठवडा, ६ महिने अशी अंतरं बांधून घेतली, आणि विपर्यास वाढत गेलाच.