नव्या घरात किचन चिमणी: काय पाहावं, कुठे फसतं?

नव्या घरासाठी चिमणी निवडताना काय काय तपासावं, ते जाणकारांनी लिहावं. मोजमापांसकट लिहिलंत तर उत्तम.

*

सक्शनचा आकडा (चिमणी तासाला किती घनमीटर हवा ओढते तो) नंतर बघा, आधी पाइप कुठून बाहेर काढणार ते ठरवा. चिमणीचं तोंड ६ इंची असेल तर पाइप शेवटपर्यंत ६ इंचीच हवा. भिंतीत ४ इंची भोक तयार आहे म्हणून रिड्यूसर (मोठ्या पाइपला लहान करणारा जोड) लावतात आणि तिथेच घात होतो: हवेची वाट ४४ टक्केच उरते, आवाज वाढतो, धूर ओट्यावरच घुटमळतो. टाइल्स लागण्याआधी कोअर कटिंग (यंत्राने भिंतीला गोल भोक पाडणं) उरकून घ्या. भोकाला बाहेरच्या बाजूकडे किंचित उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल.

*

वळणंही मोजा. ९० अंशांच्या एका एल्बोपेक्षा (वळणाच्या जोडापेक्षा) ४५ चे दोन बरे. ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप पूर्ण ताणून लावायचा, उरलेला कापायचा. फॉल्स सीलिंगवर वेटोळं करून ठेवणं हा फिटरचा आवडता उद्योग! घड्यांत तेल साचतं. बाहेरच्या टोकाला बारीक जाळी नको, चिकटाने बुजते. झडपेचा काउल (पाइपच्या टोकावरची टोपी) लावा.

*

सक्शनसाठी ढोबळ हिशेब: स्वयंपाकघराचं घनफळ गुणिले १० ते १५. ३ × २.५ × २.८ मीटर म्हणजे २१ घनमीटर, म्हणून तासाला २१० ते ३१५ घनमीटर. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा पाइप न जोडता मोजलेला असतो, तेव्हा दुप्पट धरा. १५०० च्या मागे धावू नका. ओपन किचनला मात्र हॉलही मोजावा लागतो.

*

शेगडी ६० सेंमीची असेल तर हूड (चिमणीचा धूर गोळा करणारा भाग) ७५ चा घ्या. गॅसपासून उंची साधारण ६५ ते ७५ सेंमी; पुस्तिकेत वेगळी दिली असेल तर तीच पाळा.

*

डक्टलेस, म्हणजे बाहेर पाइप नसलेली, हवा गाळून खोलीतच सोडणारी चिमणी? पाइप काढणं अशक्यच असेल तर. कोळशाचा फिल्टर वास कमी करतो. वाफ आणि उष्णता खोलीतच राहतात.

*

एक राहिलंच. चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी आत यायला वाट हवी. खिडक्या बंद आणि त्याच जागेत धूर नळीने बाहेर सोडणारा गॅस गीझर असेल, तर चिमणी गीझरच्या नळीतूनच हवा ओढते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. गीझर आधी हलवा, मग चिमणी बसवा.