जीपीएस गेलं तर पानपट्टीवर विचारू म्हणणाऱ्यांना

टॉवरवाला
काल इथं एका महाशयांनी लिहिलं, "जीपीएस जॅम होणं, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल कुणीतरी गोंगाटात बुडवणं, ही अमृतसर-जम्मूची डोकेदुखी. बेळगावच्या माणसानं कशाला डोकं शिणवावं? नकाशा बंद पडला तर पानपट्टीवर रस्ता विचारू." खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी अकरा वर्षं खानापूर-जांबोटी पट्ट्यात मोबाईल टॉवरची देखभाल करतो, त्यामुळं गप्प बसवेना.

पानपट्टीवाला रस्ता सांगेल हो. वेळ सांगेल काय? तीही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत? टॉवरवर पांढऱ्या अळंबीसारखा मुठीएवढा अँटेना असतो. त्याला रस्त्याशी देणंघेणं नाही, तो उपग्रहातल्या अणुघड्याळाची वेळ उतरवून घेतो. ५जीचे टॉवर बहुतेक एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीनं बोलतात आणि ऐकतात. त्यासाठी प्रत्येकाचं घड्याळ दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेलं लागतं. नाहीतर एक ऐकायला बसतो तेव्हा शेजारचा त्याच्या कानात ओरडत असतो. आणि ही वेळ येते वीस हजार किलोमीटरवरून, रिसिव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली दबलेल्या सिग्नलवर. तो बुडवायला शत्रुराष्ट्र लागत नाही.

गेल्या वर्षी हमरस्त्याकडेच्या एका टॉवरवर रोज रात्री साडेदहाला अलार्म यायचा आणि पहाटे चारला आपोआप जायचा. अँटेना बदलला, केबल बदलली, माकडांना शिव्या घातल्या. शेवटी एक रात्र तिथंच काढली. समोरच्या धाब्यावर एक ट्रक, सिगारेट लायटरच्या भोकात बोटाएवढं यंत्र, बारका हिरवा दिवा. जीपीएस बुडवणारा जॅमर. गाडी किती वेळ थांबली ते मालकाला कळू नये म्हणून. ड्रायव्हरला चहा पाजला, यंत्र उपसलं, थोड्या वेळात अलार्म गेला.

कॅम्पकर
ते महाशय मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

संसदेत दिलेला आकडा तुम्हाला माहीत असेलच. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेजवळ विमानांना जीपीएसच्या अडथळ्याच्या ४६५ घटना, बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला. मी वेगळं काय म्हटलं? तुमचा एक ट्रक आणि एक धाबा. त्यावरून अख्ख्या बेळगावला घाबरवायचं?

निपाणीचा
आपलं नाविक आहे की, भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा. अमेरिकेच्या जीपीएसला अजून किती दिवस कवटाळून बसणार?

सांबरा रोड
नाविकचा अभिमान मलाही आहे, पण हिशेब बघा. २०१३ ला सोडलेल्या पहिल्याच उपग्रहाची घड्याळं पुढं बंद पडली, तीही परदेशी बनावटीची. त्याच्या बदली २०१७ ला पाठवलेला उपग्रह उष्णताकवचातून बाहेरच आला नाही. २०२३ च्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहात आपलं स्वतःचं रुबिडियम अणुघड्याळ बसलं, त्याला सलाम. त्याच्या पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ ला गेला आणि झडप न उघडल्यामुळं ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. आणि सगळे धडधाकट असते तरी नाविकचा सिग्नलही आभाळातूनच येतो, तोही तितकाच दुबळा. फ्रिक्वेन्सी वेगळी असल्यामुळं साधा जॅमर चुकवता येईल, एवढाच फायदा.

कॅम्पकर
विमान पडलं काय कुठं? तेवढं सांगा.

टॉवरवाला
नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांना खोटी जागा दिसायला लागली. हे जॅमिंगपेक्षा वाईट. जॅमिंगमध्ये निदान सिग्नल गेला हे कळतं. सरकारनं संसदेत मान्य केलं आणि असे अहवाल येणाऱ्या विमानतळांत मुंबई, हैदराबाद आणि बेंगळुरूचंही नाव घेतलं. बेंगळुरू पंजाबात नाही.

कॅम्पकर
त्याच उत्तरात हेही आहे की विमानाला वाट दाखवणारी जुनी जमिनीवरची यंत्रं असलेल्या धावपट्ट्यांवर काही परिणाम झाला नाही. म्हणजे माझंच खरं.

टॉवरवाला
अहो, ती जुनी यंत्रं कुणीतरी जागेवर ठेवली म्हणून! तुमच्यासारख्यांचं ऐकून 'आता उपग्रह आहे, हे भंगार काढा' झालं असतं तर? तुमची पानपट्टीसुद्धा आधी चालू ठेवायला लागते की. तेच वेळेचं. प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथून ती जमिनीवरूनच देशभर पोचवायला अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी अशी पाच केंद्रं ठरली आहेत. माझ्या जांबोटीच्या टॉवरवर मात्र आज अळंबी गेली की आतलं घड्याळ काही तास तग धरणार, पुढं रामभरोसे.

येळ्ळूरवाला
टॉवरचं राहू द्या ओ. आमच्या शिवारात पोडीसाठी, म्हणजे जमिनीचे हिस्से वेगळे करायला, मोजणी आली, सर्व्हेअर काठीवर डबा लावून फिरला. रोव्हर म्हणे. सॅटेलाईटवरून, सेंटीमीटरची चूक नाही म्हणे. आणि बांध माझ्याकडं दीड हात सरकला! आज्ज्यापासूनचा बांध. महिन्यानं फेरमोजणी मागितली तर त्याच डब्यानं अर्धा हात परत दिला. आता सांगा, जॅमर कुणी लावला हुता? शेजाऱ्याचा पोरगा इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, एवढंच सांगतो.

चंदगडची लेक
काका, शेजाऱ्याच्या पोरावर आळ घेण्याआधी एक सांगा. त्या बांधावर झाड आहे का?

येळ्ळूरवाला
आंबा आहे. आज्ज्यानं लावलेला. त्याचं काय?

चंदगडची लेक
तोच तुमचा जॅमर. पानांखाली अर्धे उपग्रह दिसत नाहीत, जे दिसतात त्यांचा सिग्नल फांद्यांवर आपटून येतो. रोव्हरच्या पडद्यावर 'फिक्स' आलं तर सेंटीमीटर, 'फ्लोट' असेल तर हातभर इकडंतिकडं. घाईतला माणूस फ्लोटवरच खूण मारून मोकळा होतो.

येळ्ळूरवाला
म्हणजे आमचा आंबाच चोर! बरं झालं बाई सांगितलंत. साखळीच्या काळात आंबा आडवा येत नव्हता.

चंदगडची लेक
साखळीचं कौतुक मला नका सांगू. माझे वडील मोजणीदार. ३३ फुटी साखळी, सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. ओढून ओढून कड्या झिजल्या की साखळी लांब व्हायची आणि गुंठ्यात जमीन जास्त बसायची. पुढच्या मोजणीत नव्या साखळीनं तीच जमीन जास्त भरायची. मग भावकीत काठ्या. ते रात्री ओसरीवर बसून साखळी फूटपट्टीला लावून तपासायचे. किती जण तपासायचे?

येळ्ळूरवाला
आमच्या आज्ज्याला लबाड म्हणायलाय काय तुम्ही?

चंदगडची लेक
साखळीला म्हणतेय. वाचा तरी नीट.

निपाणीचा
मोजणीचं निघालंच आहे तर, आमचं ११ ई स्केच, म्हणजे जमिनीच्या हिश्श्याचा सरकारी नकाशा, वर्ष झालं अडकलंय. आणि फोनच्या नकाशात गावांची मराठी नावं दिसत नाहीत त्याचं काय? २०१४ ला शहराचं नाव बदललं तेव्हापासून...

टॉवरवाला
दादा, त्याचा वेगळा धागा काढा, मीच पहिला येतो. इथं नको.

सांबरा रोड
शेजाऱ्याच्या पोरावर संशय घेणाऱ्यांसाठी. असला जॅमर विकणं, वापरणं बेकायदा आहे, दूरसंचार विभागानं २०२२ ला पुन्हा बजावलंय. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ एका ड्रायव्हरनं मालकाला चुकवायला असंच यंत्र लावलं आणि विमानतळाच्या यंत्रणेत बिघाड व्हायला लागला. दंड जवळजवळ ३२ हजार डॉलर. आपल्याकडं टॉवरवाला साहेबांनी चहा पाजला.

टॉवरवाला
बरोबर बोललात. तक्रार करायला हवी होती. चौकीत 'उपग्रहाचा सिग्नल' म्हटल्यावर काय तोंड करतील या विचारानंच गेलो नाही. आणि तो ड्रायव्हर पोरगा रडकुंडीला आला हुता.

कॅम्पकर
चला, म्हणजे एवढा तात्त्विक लेख लिहिणारेही पानपट्टी पद्धतीनंच मिटवतात तर. ठीक आहे, घड्याळाचा मुद्दा मला माहीत नव्हता. तेवढा मागे घेतो. 'डोकेदुखी अमृतसरची' हे मात्र घेत नाही.

टॉवरवाला
उपकार झाले.

येळ्ळूरवाला
माझं कुणी बघणार हाय का नाही? आंबा कापू काय आता?

चंदगडची लेक
आंब्याला हात लावू नका. मोकळ्या रानात, आभाळ दिसतं तिथं, रोव्हरच्या दोन पक्क्या खुणा घ्यायला सांगा. पडद्यावर 'फिक्स' आहे ते स्वतः उभं राहून बघा, फोटो काढा. तिथून बांधापर्यंत टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं तिपाईवरचं यंत्र, लावतील, नाहीतर टेप.

येळ्ळूरवाला
टेपच मारायची तर आभाळातून डबा कशाला आणला ओ?

चंदगडची लेक
टेप कुठून सुरू करायची ते कळायला.

येळ्ळूरवाला
हं. तुमचे वडील आहेत काय अजून? रविवारी येतील काय बघायला? साखळी घेऊन आले तरी चालेल. जेवण आमच्याकडं.