स्वमग्न मुलासाठी कुत्रा निवडताना आणि शिकवताना काय पाहावे?

प्रश्न: एक आई, मनीषनगर, नागपूर
नमस्कार. आमचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो मोजकेच बोलतो, पण आमची खरी काळजी त्याच्या एकाएकी धावत सुटण्याची आहे. गेल्या आठवड्यात भाजीवाल्याला सुटे पैसे देण्यासाठी मी त्याचा हात सोडला आणि मान वर करेपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध पोहोचला होता. परदेशांत अशा मुलांसाठी खास शिकवलेली कुत्री दिली जातात, असे वाचले. आम्ही लॅब्रॅडॉरचे दोन महिन्यांचे पिल्लू आणून घरीच शिकवावे का? सासूबाईंना कुत्र्याची सवय नाही, हेही सांगून ठेवते.

उत्तर: अकरा वर्षांच्या स्वमग्न मुलीचे वडील, धरमपेठ
ताई, पिल्लाची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. दात येण्याच्या काळात पिल्लू हातांना, कपड्यांना चावत सुटते, आणि ज्या मुलाला अचानक झालेला स्पर्श सहन होत नाही, त्याच्या मनात तेव्हा बसलेली भीती पुढे सहजासहजी जात नाही. शिवाय कुत्रा दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याचा स्वभाव पुरता कळत नाही. आम्ही ओळखीतली तीन मोठी कुत्री पाहिली. प्रत्येकापासून काही अंतरावर मी स्टीलचे ताट फरशीवर पाडले. पहिला दिवाणाखाली शिरला तो बाहेर येईना, दुसरा कितीतरी वेळ भुंकत राहिला. तिसरी दचकली, मग पुढे येऊन तिने ताट हुंगले आणि शेपटी हलवत माझ्याजवळ येऊन बसली. तीच आज आमच्या घरी आहे. कुकरच्या शिट्टीपासून मुलीच्या किंकाळीपर्यंत सगळे ऐकत राहायचे, तर कुत्रा दचकला तरी चालेल, त्याला लगेच सावरता यायला हवे. घेण्यापूर्वी खुब्याचा एक्स-रे मात्र काढून घ्या. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो.

उत्तर: श्वानप्रशिक्षक, काटोल रोड
वरील मताशी मी सहमत आहे. पिल्लूच घ्यायचे ठरले, तर कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, एवढे तपासा.

प्रशिक्षणाला दीड ते दोन वर्षे धरा. धावत सुटणाऱ्या मुलांसाठी परदेशांत एक पद्धत वापरतात: कुत्र्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या साजाला, दोन पट्टे असतात, एक मोठ्या माणसाच्या हाती आणि दुसरा मुलाच्या कमरेला, मुलाने हिसका दिला की कुत्रा पाय रोवून जागीच थांबतो. आज्ञा देणारा नेहमी मोठा माणूसच असतो. परंतु हे घरच्या घरी करून पाहू नका. आपल्या गल्ल्यांत मोकाट कुत्री अंगावर आली, तर बांधलेले मूल मध्ये सापडेल. म्हणून अनुभवी प्रशिक्षक सोबत असल्याशिवाय मी कोणालाही मुलाला कुत्र्याशी बांधू देत नाही.

घरी शिकवण्याजोगे काम म्हणजे मूल अस्वस्थ झाले की त्याच्या मांडीवर हनुवटी टेकवून स्थिर राहणे. सुरुवात उशीवर करा, दोनच सेकंद, आणि लगेच खाऊ द्या. नंतर मोठ्यांच्या मांडीवर, आणि मुलाची पाळी सर्वांत शेवटी, तीही त्याला हवे असेल तरच. मारून किंवा दरडावून शिकवलेला कुत्रा अशा घरात आणू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा फिरवणे पहाटेच. पालथा हात डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवे भाजतील.

उत्तर: ऑक्युपेशनल थेरपिस्ट
मूल बाहेर धावत सुटू नये म्हणून दाराला त्याचा हात पोहोचणार नाही अशी वरची कडी हवीच. कुत्रा आला म्हणून ती काढून टाकू नका आणि मुलाची थेरपी थांबवू नका. मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय कधीही सोडू नये. कुत्र्यालाही एक कोपरा हवा, जिथे मुलाने जायचे नाही. शाळेत किंवा मॉलमध्ये न्यायचे असल्यास आधी लेखी परवानगी घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. पिल्लाचा विचार सोडला. वरची कडी आजच बसवून घेते. धरमपेठेतील दादा, रविवारी सकाळी मुलाला आणि सासूबाईंना तुमच्या कुत्रीला भेटवायला आणू का?

उत्तर: धरमपेठ
अवश्य या. त्याला हात लावायला सांगू नका. ती व्हरांड्यात बसलेली असेल, तो हवे तितके दूर बसू दे. आमची मुलगी पहिले तीन आठवडे फक्त तिच्या कानाची कड पाहत असे.