वर्गसमीकरणाचे ऋण उत्तर नेहमी सोडूनच द्यायचे का?

प्रश्न:
वर्गसमीकरणावरची शाब्दिक उदाहरणे सोडवताना एक गोष्ट मला सतत खटकते. १५ मीटर उंच गच्चीच्या काठावरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० मानले, तर क सेकंदांनंतर त्याची जमिनीपासूनची उंची १५ + १०क − ५क² मीटर असते. तो जमिनीवर कधी पडेल हे काढण्यासाठी उंची शून्य धरली की क² − २क − ३ = ० हे समीकरण मिळते आणि त्याची मुळे ३ व −१ येतात. ‘काळ ऋण नसतो, म्हणून −१ त्याज्य’ अशी ओळ लिहून मोकळे व्हायचे, असे मला शिकवले गेले. गुण मिळतात, पण समाधान होत नाही. आकडेमोड बिनचूक असताना हे दुसरे उत्तर येते तरी कशासाठी?

उत्तर १:
आपण समीकरणात एवढेच मांडले आहे की शून्याव्या क्षणी चेंडू १५ मीटरवर असून सेकंदाला १० मीटर वेगाने वर चालला आहे. चेंडू हातातून तेव्हाच सुटला, ही गोष्ट त्यात कुठेच आलेली नाही. वेगाच्या १० − १०क या सूत्रात क = −१ घालून पाहा, २० येतात. म्हणजे एक सेकंद आधी कोणी जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू वर फेकला असता, तर तो नेमक्या याच वेगाने गच्चीच्या काठापाशी पोचला असता आणि पुढचा प्रवास तंतोतंत असाच झाला असता. शिवाय आलेख सममित असल्यामुळे −१ आणि ३ यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पहिल्या सेकंदाला, चेंडू सर्वांत उंच, २० मीटरवर असतो, हेही त्या ‘त्याज्य’ उत्तरामुळेच चटकन कळते. म्हणून ते सोडण्याचे कारण ‘त्या वेळी चेंडू अजून फेकलेलाच नव्हता’ असे लिहावे.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. दोन्ही मुळे धन असली तरी निवड करावीच लागते, हेही लक्षात घ्यावे. भिंतीला लागून आयताकृती जागेच्या उरलेल्या तीन बाजूंना ४० मीटर कुंपण घालायचे आहे. भिंतीला लंब असलेली बाजू क मानल्यास क्षेत्रफळ क(४० − २क) होते. ते १५० चौरस मीटर हवे असेल तर क = ५ किंवा १५ येते; पण भिंत २० मीटरच लांब असेल, तर ५ घेतल्यावर लागणारी ३० मीटरची बाजू तिथे मावणार नाही. २५० चौरस मीटर मागितले तर विवेचक (उकलीच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण येतो, म्हणजे उत्तरच मिळत नाही, कारण या कुंपणात २०० पेक्षा जास्त क्षेत्रफळ बसूच शकत नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मग भिंत १६ मीटरच असेल, तर सर्वांत मोठे क्षेत्रफळ शिरोबिंदूवरूनच, म्हणजे आलेखाच्या सर्वांत उंच बिंदूवरूनच, काढायचे का?

उत्तर २:
नाही. शिरोबिंदू क = १० ला आहे आणि तिथे भिंतीलगतची बाजू २० मीटर होते. ४० − २क हे १६ पेक्षा जास्त नको, म्हणून क किमान १२ हवा. १० च्या पुढे क्षेत्रफळ घटतच जाते, त्यामुळे १२ हीच उत्तम निवड ठरते आणि क्षेत्रफळ १२ × १६, म्हणजे १९२ चौरस मीटर मिळते.