आजींचा रविवार : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

धाकटी काकू (कळवा), शनिवार, रात्री 9.40
सर्वांना येशूच्या नावाने सलाम. उद्या महिन्याचा पहिला रविवार असून उपासनेत भाकर आणि प्याल्याचे प्रभुभोजन आहे, ही आठवण सकाळपासून या ग्रुपवर अनेकांनी करून दिली, त्याबद्दल आभार. मात्र उद्या सकाळी आठ ते साडेअकरा आईंजवळ कोण बसणार, हे कोणीही कळवलेले नाही. पावसाळ्यात आई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून मी चर्चच्या मंडळीत पाऊल टाकलेले नाही. यांची रविवारी कंपनीत पाळी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. ही तक्रार आहे असे कोणाला वाटत असेल, तर ती तक्रारच समजावी.

मोठे काका (वाशी), 9.52
तुझे कष्ट आम्ही सर्व जण जाणतो आणि त्यासाठी रोज प्रार्थना करतो. माझा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक घराने दरमहा 2,000 रुपये काढावेत आणि रविवारसाठीही मदतनीस बाई ठेवावी. माझा वाटा मी आजच पाठवतो. उद्या अर्पणाच्या मोजणीची जबाबदारी खजिनदार म्हणून माझ्यावर असल्यामुळे मला येता येणार नाही.

आत्या (ऐरोली), 9.58
मलाही आईची काळजी आहे, हे आधी स्पष्ट करते. उद्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत मुलांची बायबलची वचने पाठ आहेत की नाहीत हे पाहायचे आहे आणि उपासनेनंतर महिला मंडळाची सभा आहे. दोन्हीकडे माझ्याशिवाय चालत नाही. आपली उपासना आता यूट्यूबवर थेट दिसते. आईजवळ बसूनही ती ऐकता येईल आणि आईलाही वचन कानावर पडेल.

धाकटी काकू (कळवा), 10.04
ताई, टाळेबंदीच्या काळात आपण सर्वांनीच तशी उपासना केली आणि त्या वेळी तिचा मोठा आधार वाटला. परंतु भाकर आणि प्याला फोनमधून हातात येत नाही. शिवाय पापांगीकार चालू असताना आईंची कूस बदलावी लागते आणि उपदेश चालू असताना त्यांना भरवावे लागते. मी ते आनंदाने करते, पण त्याला मंडळीसोबतची उपासना म्हणता येत नाही.

थोरला नातू (मानपाडा), 10.09
आत्या, या महिन्यात शब्बाथ शाळेच्या मुलांना ‘आपल्या आईबापांचा मान राख’ ही पाचवी आज्ञा पाठ करायला दिली आहे, असे माझी मुलगी सांगत होती. उद्या ती मोठ्यांचीही पाठ आहे का ते पाहून घ्या.

आत्या (ऐरोली), 10.11
हा विनोदाचा विषय नाही. नाताळाच्या गायनासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या माणसाने मला आज्ञा शिकवू नयेत. आजीच्या खोलीत बसून तू शेवटचे गीत कधी म्हटलेस, तेही लिही.

थोरला नातू (मानपाडा), 10.13
आत्या, गायनाचा विषय काढायचाच असेल तर गेल्या नाताळात एकल गीत कोणाला मिळाले आणि कसे मिळाले, तेही लिहावे लागेल.

मोठे काका (वाशी), 10.15
गायनाचा वाद येथे आणू नये. माझा प्रस्ताव पुन्हा मांडतो : दरमहा 2,000 रुपये, प्रत्येक घराने. पैसे एकत्र आले की प्रश्न सुटतो. राहत्या घराचा विषय मी येथे काढत नाही, परंतु कळव्याचे घर कोणाकडे राहिले आणि कोणत्या अपेक्षेने राहिले, हे सर्वांना माहीत आहे.

धाकटे काका (कळवा), 10.21
दादा, मी कामावरून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. घर बाबांनी दिले, आईचा सांभाळ त्याच्या मोबदल्यात दिलेला नाही. आई फक्त माझी असती, तर मी या ग्रुपवर कोणालाही काही विचारले नसते.

मामाआजोबा (नौपाडा), 10.34
माझ्या लेकरांनो, मी तुमच्या आईचा धाकटा भाऊ असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिण्याचा हक्क घेतो. पाचवी आज्ञा लहान मुलांनी पाठ करावी हे चांगलेच आहे, परंतु प्रभूने ती कोणाला सुनावली, हे बायबलमध्ये मार्काच्या सातव्या अध्यायात पाहावे. ती त्याने मुलांना नव्हे, तर मोठ्या वयाच्या, शास्त्र जाणणाऱ्या आणि मंदिराची शिस्त पाळणाऱ्या माणसांना सुनावली. ज्या मिळकतीने आईबापांना साहाय्य व्हायचे, ती आम्ही देवाला अर्पण केली आहे असे ते सांगत आणि मग आईबापांसाठी काहीच करण्याची गरज उरत नसे. अर्पण देवासाठीच होते, त्यात लबाडी नव्हती असे धरून चालू. तरीही तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे प्रभू त्यांना म्हणाला. आपल्या वेळेचेही असेच होऊ शकते. मोजणी, सभा आणि सराव ही सगळी कामे प्रभूचीच आहेत, आणि म्हणूनच त्यांची सबब कोणाला खोडता येत नाही. जगातल्या कोणत्याही दुसऱ्या सबबीपेक्षा ती अधिक सावधपणे तपासली पाहिजे.

दुसरी गोष्ट. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना प्रार्थना करत बसा असे सांगितले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला लावली आणि काम नेमून दिले. आज रात्री धाकट्या सुनेने तीच कुरकुर केली आहे, आणि तिचे उत्तरही तसेच, कामाची नेमणूक करून द्यावे लागेल.

माझी बहीण मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिकेचे काम शिकली. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्यात रुग्णाची जखम धुणे आणि प्रार्थना करणे ही दोन वेगळी कामे आहेत असे तिला कोणी शिकवले नाही. परक्यांच्या उशाशी तिने रात्री काढल्या. आता तिच्या उशाशी कोण बसते, एवढाच आजचा विषय आहे. घराचा नाही आणि गायनाचाही नाही.

मधली काकू (नेरूळ), 10.41
मामांनी लिहिलेले दोनदा वाचले. मी येथे सहसा लिहीत नाही, कारण आमच्या फेलोशिपला, म्हणजे आमच्या वेगळ्या मंडळीला, काही जण हॉलमधील सभा म्हणतात आणि ते मला लागते. आमची उपासना दुपारी चार वाजता असते. सकाळी मी मोकळी असते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. उद्या आठपर्यंत मी कळव्याला पोहोचते.

मोठे काका (वाशी), 10.43
उद्या ट्रान्स हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असल्याचा संदेश आला आहे, तेव्हा नेरूळहून येणे कठीण आहे. म्हणूनच माझा प्रस्ताव व्यवहार्य आहे : दरमहा 2,000 रुपये, प्रत्येक घराने.

थोरला नातू (मानपाडा), 10.45
काका, ब्लॉक सहसा अकरानंतर सुरू होतो. काकू साडेसहाची गाडी धरून ठाण्याला उतरल्या, तर मी स्टेशनवरून त्यांना दुचाकीने कळव्याला सोडतो आणि तेथून उपासनेला जातो. परतीची सोयही मी पाहतो. आत्यांना मी जे लिहिले ते खरे असले तरी तसे लिहायला नको होते. दुसऱ्या रविवारी आजीजवळ मी बसतो. सरावाचे मी गायकप्रमुखांना कळवतो.

आत्या (ऐरोली), 10.58
तिसऱ्या रविवारी मी येते. शब्बाथ शाळेत दुसऱ्या शिक्षिका आहेत आणि त्यांना संधी द्यावी असे पाळक साहेबांनी मला पूर्वीच सुचवले होते. महिला मंडळात आम्ही पाळीपाळीने आजाऱ्यांना भेटी देतो, फळे नेतो, स्तोत्र वाचतो, आणि त्या यादीत माझ्या आईचे नाव नाही, कारण ती घरचीच आहे असे मी धरून चालले. सोमवारी तिचे नाव यादीत घालते. म्हणजे ऐरोलीच्या बायकाही येतील आणि आईला माणसे दिसतील.

धाकटी काकू (कळवा), 11.06
ताई, आईंना माणसे फार आवडतात. रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने कोणी म्हणू लागले की त्यांचे ओठ अजून हलतात, म्हणून ज्या येतील त्यांनी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घेऊन यावे. मधल्या वहिनी, तुमचे आभार कसे मानावेत ते सुचत नाही.

मोठे काका (वाशी), 11.10
सर्वांच्या भावना योग्य आहेत. तरीही पाळ्या ठरतात आणि मोडतात, हे मी अनेक समित्यांमध्ये पाहिले आहे. कायमचा उपाय म्हणून माझा प्रस्ताव नोंदवून ठेवावा.

धाकटी काकू (कळवा), 11.19
दादा, तुमचा प्रस्ताव मी मनापासून स्वीकारते. रात्रीची बाई ठेवली तर यांना आणि मला झोप मिळेल, आणि त्या पैशांची आम्हांला खरोखर गरज आहे. परंतु रविवारसाठी पैसे नकोत, तेथे तुम्ही हवे आहात. दार वाजले की आई अजूनही थोरला आला का असे विचारतात, आणि त्याचे उत्तर मदतनीस बाई देऊ शकत नाही. चौथ्या रविवारी अर्पणाची मोजणी दुसऱ्या सभासदाकडे देता येईल का, ते तुम्ही पाहावे.

मामाआजोबा (नौपाडा), 11.24
पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी जे लिहिले आहे, ते थोरल्याने आज रात्री वाचावे. मी ते येथे उतरवत नाही, कारण ते कठोर आहे आणि थोरला तसा नाही.

मोठे काका (वाशी), 11.47
वाचले. चौथ्या रविवारी मोजणीला दुसरे दोघे जण बसवण्यासाठी मी उद्या सचिवांशी बोलतो. घराविषयी मी लिहिलेले वाक्य सर्वांनी नजरेआड करावे. पाळक साहेबांना आईला घरी येऊन प्रभुभोजन देण्याची विनंतीही मीच करतो. ते बुधवारी आले, तर मी सुटी घेऊन येईन.

धाकटी काकू (कळवा), 11.55
बुधवारी सर्वांनी यावे, स्वयंपाक मी करते. मधल्या वहिनी, उद्यासाठी लिहून ठेवते : साडेआठला रक्तदाबाची गोळी पेजेसोबत द्यावी, पाणी चमच्यानेच पाजावे, आणि दहाला कूस बदलताना डावा खांदा ओढू नये. लिफ्ट बंद आहे, म्हणून जिन्याने यावे लागेल.