घाट चढताना हब मोटर तापली, मॅग्नेट उतरलेत. परत चार्ज होतात का?

घाटवेडा:
मंडळी, सायकल घरीच इलेक्ट्रिक केलीये, मागच्या चाकात डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर. एप्रिलमध्ये भर दुपारी सामान लादून दिवे घाट चढवला, वर पोचेपर्यंत कव्हरला हात लावता येईना. तेव्हापासून चढाला दमच नाही आणि बॅटरीपण लवकर बसते. गंमत म्हणजे चाक उचलून थ्रॉटल दिला तर पूर्वीपेक्षा जास्तच जोरात फिरतं! गॅरेजवाला म्हणतो बाइकचा मॅग्नेट चार्ज करतो तसा हाही करू. करू का?

रानपाखरू:
मोठा मॅग्नेट घेऊन एकाच दिशेने घासा, शाळेत सुईला करायचो तसं 😀

वाइंडिंगवाला:
घासून काही होत नसतं, सुई वेगळी आणि या मोटरमधलं निओडिमियम मॅग्नेट वेगळं. चाक जोरात फिरतंय हीच खूण आहे, मॅग्नेट कमजोर झाला की बॅक व्होल्टेज (फिरताना मोटर स्वतःच बनवते ते उलटं व्होल्टेज) कमी बनतं म्हणून मोटर जास्त स्पीडला जाऊन थांबते. मॅग्नेट किती उष्णता सोसतो त्यावर ग्रेड असतात: साध्या एन ग्रेडला 80 डिग्रीच्या वर भरवसा नाही, एच 120, एसएच 150. ताकद पूर्ण जायला 310 च्या आसपास जावं लागतं आणि तिथवर गेली असती तर वाइंडिंगचा कोळसा झाला असता, म्हणजे तुमचे अर्धवट उतरलेत. माल तोच आहे, चार्ज नक्की होतो. पण गॅरेजचं मशीन बाइकमधल्या फेराइट मॅग्नेटसाठी, त्याला साधारण 1 टेस्ला (चुंबकी फील्डचं माप) पुरतो, याला 3 च्या आसपास लागतो. कपॅसिटर बँक (वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा संच) काही मिलिसेकंदात रिकामी करतात तेव्हा कुठे तेवढं फील्ड मिळतं (घरी करू नका, जीव जाईल). शिवाय आत आलटून पालटून उत्तर-दक्षिण चिकटवलेले चाळीसएक तुकडे, सगळे एकदम करायचे तर तेवढ्याच पोलचं फिक्स्चर (खास साचा) हवं. एका चाकासाठी कोण बनवणार?

आधी खात्री करा. तशीच दुसरी मोटर मिळवा, दोन फेजमध्ये (मोटरच्या तीन जाड वायरींपैकी कुठल्याही दोन) मीटर एसीवर लावा आणि पेडल हाताने सारख्या वेगाने फिरवा.

घाटवेडा:
केलं! मित्राच्या सायकलवर, त्याच गिअरला, मिनिटाला 60 फेरे. त्याचे 14 व्होल्ट, माझे 11.

वाइंडिंगवाला:
मॅग्नेटची वीस टक्के ताकद गेली मग. एसएच ग्रेडचे त्याच मापाचे नवीन तुकडे आणून एकेक बदला, काढताना प्रत्येकाचा पोल मार्करने लिहा. वरच्या निकेलच्या मुलाम्याला ओरखडा पडू देऊ नका, गंजतात. आणि उघडलीच आहे तर वाइंडिंगवर थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) बसवून टाका.