परसात कुत्र्यांसाठी कृत्रिम हिरवळ बसवावी का?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. आमच्या रो-हाउसच्या मागे साधारण २० बाय १५ फुटांचे परस आहे आणि घरात दोन कुत्री आहेत. एक नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर आणि दुसरा रस्त्यावरून आणलेला, तीन वर्षांचा गावठी. जमीन काळ्या मातीची असल्याने मृगापासून गणपतीपर्यंत तिथे केवळ चिखल असतो. दोन वेळा हरळी लावून पाहिली, परंतु लघवी पडेल तिथे पिवळे चट्टे पडून ती जळाली आणि उरलेली धाकट्याने उकरून काढली. थोरलीच्या मागच्या पायांचे सांधे दुखत असल्याने ओल्या फरशीवर तिचा पाय घसरतो, म्हणून सगळीकडे फरशी घालणे मला मान्य नाही. एक विक्रेता ३५ मिलिमीटर उंचीची कृत्रिम हिरवळ थेट दाबलेल्या मातीवर अंथरून द्यायला तयार आहे. ज्यांनी ती प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी वास आणि उन्हाळा या दोन गोष्टींबद्दल कृपया लिहावे.

उत्तर १ (नाशिक)

मातीवर थेट अंथरू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे पहिल्यांदा ठेकेदाराने जुन्या कोब्यावरच ती चिकटवली होती आणि कोब्याला ढाळ नव्हता. वरून ती रोज धुतली जात होती आणि दिसायलाही स्वच्छ होती. तरी पहिल्या उन्हाळ्यातच स्वयंपाकघराची खिडकी उघडणे अशक्य झाले. शेवटी एक कोपरा उचलून पाहिला, तेव्हा खालच्या बाजूला केस आणि मळ यांचा ओला काळपट थर बसलेला होता आणि डोळ्यांतून पाणी येईल इतका उग्र दर्प आला. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते. लघवी जिथे साचते तिथून तो वास येतो आणि वरून कितीही धुतले तरी तो जात नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही सहा इंच काळी माती काढून टाकली, कारण ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे सगळे उंचसखल करते. त्या जागी मुरूम टाकून धुम्मसाने ठोकला, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी खाली जाऊ देणारे, पण माती वर येऊ न देणारे), मग तीन इंच २० मिलिमीटरची खडी आणि वर दीड इंच धुतलेली कच (दगडाचा बारीक चुरा) घातली. हे कापड खडीच्या खालीच हवे. अनेक जण ते हिरवळीच्या लगेच खाली घालतात, तेव्हा त्यात केस अडकून ते गच्च होते आणि लघवी धरून ठेवते. दर दहा फुटांना दीड इंच ढाळ ठेवून खालच्या कडेला जाळीची नाली केली.

हिरवळ घेताना २० ते २५ मिलिमीटर उंची पुरेशी आहे, कारण लांब पात्यांत विष्ठा अडकून ती काढताना फार त्रास होतो. मागची बाजू लॅटेक्सपेक्षा पॉलियुरेथेनची बरी, कारण ती ओल कमी शोषते. पात्यांमध्ये रबराचा चुरा मुळीच भरू नये. आम्ही झिओलाइट वापरले. कोळंबीच्या तळ्यांत अमोनिया कमी करण्यासाठी वापरतात तेच हे खनिज, आणि वासात पडलेला फरक आठवड्याभरात जाणवला.

उत्तर २ (नागपूर)

वासाबद्दल वर लिहिलेले सगळे पटते, तथापि मला उन्हाची काळजी अधिक वाटते. खरे गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लॅस्टिकला ते शक्य नाही, त्यामुळे भर उन्हात कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो आणि शरीर थंड करण्यासाठी त्याची सारी भिस्त धापेवर असते, म्हणून तापलेल्या जमिनीचा त्याला दुहेरी त्रास होतो. पाणी मारल्याने काही मिनिटेच गारवा राहतो. पालथा हात सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे कुत्र्याला सोडू नये. आम्ही वर दाट शेडनेट बांधले आणि पश्चिमेच्या कडेला कडुनिंब लावला.

आणखी एक गोष्ट. वास आला की आपल्याकडे फिनेल ओतण्याची सवय आहे, ती इथे धोक्याची आहे. कुत्री पंजे चाटतात आणि फिनेलमधील द्रव्ये पोटात जातात. मांजरांना तर ती फारच घातक ठरतात. साचलेल्या लघवीवर ब्लीच टाकल्यास विषारी वायू तयार होतो. भरपूर पाणी आणि एन्झाइमयुक्त क्लीनर एवढ्यावरच भागवावे. कडा सिमेंटच्या पट्टीत पक्क्या बसवाव्यात, कारण मोकळी कड दिसली की तरुण कुत्रा ती ओढतो, आणि गिळलेली पाती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

उत्तर ३ (ठाणे)

सगळे परस झाकण्याची गरज आहे का, याचा विचार करावा. आपला धाकटा उकरणारा आहे, त्याला एक कोपरा वाळूचा ठेवला तर तो हिरवळीच्या वाटेला कमी जाईल. हरळीवर लघवी झाल्याबरोबर तांब्याभर पाणी ओतले, तर चट्टेही बरेच कमी पडतात.

प्रश्नकर्ती (पुणे)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. विक्रेत्याने दिलेला फूटभराचा नमुना काल दुपारी दोन वाजता अंगणात ठेवला. त्यावर पालथा हात टेकवून सात आकडे मोजायला लागले, तर तिसऱ्या अंकालाच हात उचलावा लागला. नंतर तोच तुकडा गॅलरीच्या सावलीत सरकवला, तर संध्याकाळी थोरली त्यावर हनुवटी टेकून झोपलेली दिसली. म्हणून हिरवळ फक्त गॅलरीखालच्या आठ बाय सहा फुटांत घालायची आणि उरलेल्या जागेत फरसबंद पायवाट, वाळूचा कोपरा व हरळी ठेवायची, असे ठरवले आहे. पावसाच्या आधी गवंडी खोदाईला येणार आहे. नालीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे की ड्रेनेजच्या चेंबरमध्ये?

उत्तर १ (नाशिक)

चेंबरमध्येच सोडावे आणि मध्ये ट्रॅप बसवावा, म्हणजे चेंबरचा वास उलट वर येणार नाही. काळ्या मातीतला शोषखड्डा ऐन पावसाळ्यात पाणी घेत नाही आणि तुंबलेले पाणी पुन्हा खडीत शिरते. खडी टाकण्यापूर्वी दोन बादल्या पाणी ओतून ते नालीपर्यंत आपोआप जाते की नाही, हे गवंड्यासमोरच पाहून घ्यावे.